खापर्ड्यांची दैनंदिनी आणि जामसावळीची पेटी

ग्वाल्हेरीहून दक्षिणेस निघालेली गाडी इटारसी सोडून सातपुड्यात शिरली, बोगदे संपले, बैतूल आणि आमला मागे पडले, की डब्यातली भाषा हळूहळू पालटू लागते. मुलताईपर्यंत हिंदीत चाललेली घासाघीस पांढुर्ण्याच्या फलाटावर मराठीत मिटते. ही मराठी आमच्या ग्वाल्हेरच्या वाड्यांतली नव्हे. ती 'काहून' आणि 'हाये' म्हणणारी, वऱ्हाड-नागपूरकडची. पण सातशे किलोमीटरांच्या आसपास प्रवास करून, मध्य प्रदेशातच ती कानी पडली म्हणजे माणसाला उगाच घरी आल्यासारखे वाटते.

गेल्या हनुमान जयंतीस मला जामसावळीस जाण्याचा योग आला. सौंसरजवळचे हे गाव. पाटीवर नाव हिंदी वळणाने 'जामसांवली' असे आहे, लोकांच्या तोंडी मात्र 'ळ' टिकून आहे. पिंपळाखाली पहुडलेला मारुती हे इथले दैवत. उभा, डोंगर उचललेला मारुती आपण सगळीकडे पाहतो. निजलेला मारुती विरळा. आजाराने, विशेषतः मनाच्या आजाराने गांजलेली माणसे इथे आशेने येऊन राहतात. माझ्या एका शिष्येचे माहेर त्या बाजूचे. तिच्या काकांच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारा ऐन वेळी आजारी पडला, म्हणून मास्तरांना बोलावणे आले. ख्याल शिकवणाऱ्या माणसाने भजनाला पेटी धरू नये असे मानणारे आमच्यात पुष्कळ आहेत. मी त्यांतला नाही.

तर एक पेटी वाजवण्यासाठी मी गेलो, आणि दुसरीच पेटी माझ्यासमोर उघडली गेली.

ज्यांच्या घरी उतरलो त्या काकांचे आजोबा सौंसरच्या कचेरीत वकिली करीत. शेताच्या हद्दी, वाटण्या, दत्तक, सावकाराचे व्याज, यांवर खेड्यातल्या वकिलाचा संसार चाले, तसाच त्यांचाही चालला. काँग्रेसच्या कामातही ते असत. सभा भरवणे, वर्गणी गोळा करणे, वरिष्ठ पुढारी आले म्हणजे बैलगाड्यांची सोय पाहणे, असले बिननावाचे राजकारण. त्यांच्या कागदांची एक पत्र्याची पेटी माळ्यावर होती. घराचे नवे बांधकाम निघाले होते आणि काकांच्या मुलाने रद्दीवाल्याला सांगून ठेवले होते. मुलाचेही चूक म्हणवत नाही. चाळीस वर्षांत ती पेटी कोणी उघडली नव्हती.

"मास्तर, तुम्ही शिकले-सवरले माणूस," काका म्हणाले. "यात काही कामाचं हाये का, पाहून सांगा न जी."

मी झाकण उघडले. वकीलपत्रे, नकला, पावत्या, दोऱ्याने बांधलेली पुडकी. आणि बहुतेक मजकूर मोडीत. मोडी मला अक्षर लावून लावून वाचावी लागते, म्हणजे येत नाही असेच म्हणायचे. मी गप्प राहिलो. काकांनाही त्या मौनाचा अर्थ कळला असावा, कारण ते विषय बदलून आजोबांच्या आठवणी सांगू लागले. आजोबा शिकत असताना वरूड-मोर्शीच्या वाटेने अमरावतीस गेले होते आणि तिथे त्यांनी दादासाहेब खापर्ड्यांचे भाषण ऐकले होते. "मरेपर्यंत तेच सांगत. भाषणात काय होतं ते नाही सांगत. लोक कसे हासले ते सांगत."

खापर्ड्यांचे नाव निघाले आणि माझ्या मनात त्या पेटीशेजारी दुसरे एक दप्तर येऊन बसले. वकिलाच्या कागदांचे काय होऊ शकते, याचे त्याहून मोठे उदाहरण आपल्या मराठी मुलखात मला ठाऊक नाही.

गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांचा जन्म १८५४ सालचा, गणेश चतुर्थीचा. नाव त्यावरूनच पडले. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण, १८८४ साली कायद्याची पदवी, मग काही वर्षे वऱ्हाडात सरकारी न्यायखात्यात नोकरी, ती सोडून अमरावतीस वकिली. वऱ्हाड हा तेव्हा मोठा चमत्कारिक प्रांत होता. मालकी निजामाची आणि १८५३ पासून कारभार इंग्रजांचा. १९०२ साली तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला आणि पुढच्याच वर्षी मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला. संस्थानी शहरात वाढलेल्या आमच्यासारख्यांना दोन धन्यांची ही कसरत चांगली समजते. अशा ठिकाणी लोकांची बाजू मांडणारा माणूस म्हणजे वकीलच. कारण कोणत्या धन्याच्या कोणत्या हुकमाला कुठे दाद मागायची, हे त्यालाच कळे.

डिसेंबर १८९७ मध्ये अमरावतीस काँग्रेस भरली तेव्हा स्वागताध्यक्ष खापर्डे होते. टिळक त्या वेळी तुरुंगात होते. पुढे खापर्डे टिळकांचे उजवे हात झाले, आणि त्यांच्या ऐटदार राहणीमुळे लोक त्यांना 'वऱ्हाडचे नबाब' म्हणू लागले. १९०५ साली मुंबईस पहिले मराठी नाट्यसंमेलन झाले त्याचे अध्यक्षही तेच. आजच्या वाचकास हे नवल वाटेल, पण नाटक म्हणजे तेव्हा गाणे, आणि गाण्याचा षोक असलेल्या माणसाला रंगभूमी परकी नव्हती. वकील, पुढारी, संस्कृतचा जाणकार आणि नाट्यसंमेलनाचा अध्यक्ष! हल्ली एवढी कामे चार माणसे करतात आणि तरी दमतात.

या माणसाने आयुष्यभर रोजनिशी लिहिली. इंग्रजीत, नेमाने. त्या दैनंदिन्या आज दिल्लीस राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. वऱ्हाडचे, टिळकपक्षाचे, होमरूल चळवळीचे राजकारण अभ्यासणाऱ्यास त्या पानांवाचून पुढे जाता येत नाही. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. तिच्याविरुद्ध खटपट करण्यासाठी खापर्डे विलायतेस गेले. दोन वर्षे आपली चालती वकिली सोडून तिथे राहिले. प्रिव्ही कौन्सिलात यश आले नाही. १९१० च्या उत्तरार्धात परतताना ब्रह्मदेशात उतरून मंडालेच्या तुरुंगात त्यांनी टिळकांची भेट घेतली, आणि त्याच वर्षी ५ डिसेंबरला ते शिर्डीस साईबाबांपुढे उभे होते. मंडाले ते शिर्डी! कादंबरीकाराने असे रचले असते तर आपण त्याला अतिशयोक्तीचा दोष दिला असता.

मी दिल्लीस जाऊन मूळ वह्या चाळल्या, असा आव आणणार नाही. मी वाचला आहे तो छापील शिर्डीचा भाग. १९२४-२५ च्या सुमारास 'श्री साईलीला' मासिकातून तो आला आणि पुढे पुस्तकरूपाने निघाला. ६ डिसेंबर १९११ ते १५ मार्च १९१२ असा तीन महिन्यांहून अधिक मुक्काम त्यांनी शिर्डीस केला. त्याचा दिवसवार वृत्तान्त त्यात आहे. भक्त तो एका डोळ्याने वाचतात, इतिहासकार दुसऱ्या. मी तो कानाने वाचला, आणि त्यामुळे माझी थोडी निराशा झाली. ती आता सांगतो.

या रोजनिशीत दिवसाचा एक ठरलेला ठेका आहे. पहाटे उठणे, प्रार्थना, काकड आरती, बाबांचे दर्शन, दुपारी ग्रंथवाचन, संध्याकाळी पुन्हा दर्शन, आणि रात्र झाली की दोन गोष्टी ठरलेल्या: दीक्षितांचे रामायण आणि भीष्मांचे भजन. दीक्षित म्हणजे हरी सीताराम दीक्षित, मुंबईचे नामांकित सॉलिसिटर, तेही कायद्यातलेच. भीष्म म्हणजे कृष्णराव जोगेश्वर भीष्म, शिर्डीच्या आरत्या रचणाऱ्यांपैकी एक. दिवसामागून दिवस, पानामागून पान, रात्रीच्या नोंदीत हे भजन येते. जणू तबलजीने दर आवर्तनाला समेवर आणून सोडावे. आणि एकदाही ते भजन कोणत्या चालीचे, कोणत्या रागाच्या अंगाचे, साथीला काय होते, गळा कसा होता, हे खापर्डे लिहीत नाहीत. नाट्यसंमेलनाचा अध्यक्ष! ज्याने त्या काळचे नामवंत गळे ऐकले, तो माणूस तीन महिने रोज गाणे ऐकतो आणि गाणे झाले एवढेच लिहितो.

आधी मला याचा राग आला. मग पुन्हा वाचले तेव्हा ध्यानात आले की हा वकिलाचा हात आहे. कोण होते, केव्हा आले, काय घडले, कोणाच्या समक्ष घडले. साक्षीच्या कागदात भावनेला जागा नसते. स्वतःविषयीही ते तसेच लिहितात. एवढा मोठा वकील महिनोन्महिने एका खेड्यात का बसून राहिला? सरकारची त्यांच्यावर नजर होती, टिळक मंडालेस होते, आणि खटल्याचे भय खोटे नव्हते. वकिलीचे उत्पन्न बंद आणि घरखर्च नबाबी. बाबा जाऊ देत नाहीत, हे पुन्हा पुन्हा येते. पण खुद्द मनात काय चालले होते त्यावर पडदाच आहे. जो माणूस सभेत हजारोंना हसवी, तो कागदावर मिटून घेतो. ज्यांना दैनंदिनी म्हणजे मन मोकळे करण्याची जागा वाटते त्यांनी ही अवश्य वाचावी.

आणि तरीही, या कोरड्या नोंदींमुळेच आज शंभराहून अधिक वर्षांनी आपण सांगू शकतो की १९१२ च्या जानेवारीतल्या रात्री शिर्डीस भीष्म भजन म्हणत होते. ज्या हजारो रात्री हजारो गावांत भजन झाले आणि ज्यांची नोंद नाही, त्या गेल्या.

खापर्डे १९२० नंतर गांधींच्या मार्गाने गेले नाहीत. असहकार त्यांना पटला नाही. म्हणून पुढच्या पिढीच्या इतिहासात त्यांचे नाव आखडत गेले. १ जुलै १९३८ रोजी ते वारले. त्यांच्या मुलाने लिहिलेले मराठी चरित्र १९६२ साली निघाले. त्यांच्या मागून आलेले यवतमाळचे वकील माधव श्रीहरी अणे, हे वणीत जन्मलेले आणि अधिक खेड्यातले. १९३० साली पुसदकडे जंगल सत्याग्रह करून तुरुंगात गेले, पुढे बिहारचे राज्यपाल झाले, आणि टिळकांवर त्यांनी संस्कृतात प्रचंड काव्य लिहिले. त्याला त्यांच्या मृत्यूनंतर, १९७३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांचेही कागद दिल्लीस, तीन मूर्तीच्या संग्रहात आहेत. थोडक्यात, वऱ्हाडच्या वकिलांनी कागद राखले आणि दिल्लीने ते सांभाळले. अमरावती-यवतमाळच्या मुलाला ते पाहायचे तर दिल्लीचे तिकीट काढावे लागते, हा भाग वेगळा.

पण ही मोठ्यांची गोष्ट झाली. जामसावळीपासून छिंदवाडा जवळ. अली बंधूंना सरकारने १९१५ पासून तिथे स्थानबद्ध ठेवले होते, आणि त्यांचे कायद्याचे काम पाहात होते छिंदवाड्याचे एक मराठी वकील, घाटे. गांधीजींनी १९१९ साली घाट्यांना लिहिलेली पत्रे महात्माजींच्या समग्र वाङ्मयात छापलेली आहेत. मी ती वाचली तेव्हा मला प्रथम घाट्यांचे कौतुक वाटले आणि मग चुटपुट लागली. हा माणूस आज माझ्यासारख्याला भेटतो तो दुसऱ्याच्या दप्तरात. ज्याला पत्र आले त्याचे नाव टिकले, कारण ज्याने पाठवले तो गांधी होता. सौंसरच्या आमच्या आजोबांना गांधींचे पत्र आलेले नव्हते.

त्यातून या मुलखाच्या कागदांवर आणखी एक संकट आले. सौंसरचा पक्षकार अपिलासाठी नागपुरास जाई. नागपूर म्हणजे हाकेच्या अंतरावर. सकाळी निघावे, रात्री जेवायला घरी. नागपुरात १९३६ पासून हायकोर्ट होते, प्रांताची राजधानीही तीच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी प्रांत फुटला. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्ह्याबरोबर सौंसर-पांढुर्णे मध्य प्रदेशात राहिले. राजधानी भोपाळ, हायकोर्ट जबलपूर. काकांच्या आजोबांचे वय झाले होते. "तेव्हापासून त्यांनी कोट खुंटीला टांगला," काका म्हणाले. मराठीतले, मोडीतले ते कागद नव्या कचेरीच्या दृष्टीने मुके झाले. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. नव्या जिल्ह्याला नवे अभिलेख हवेतच. पण जुने कोणाच्या माळ्यावर आहेत, हे विचारायला कोणी आलेले नाही.

इथे मला माझेही पाप सांगितले पाहिजे, नाहीतर मी काकांच्या मुलाला उपदेश करण्याच्या पात्रतेचा नाही. माझे वडील शिंदे सरकारच्या दरबारी गवयांतले, वयाने सर्वांत धाकटे. १९४८ साली दरबार संपला तेव्हा ते ऐन पंचविशीत होते. मी त्यांच्या उतारवयातला. लिहिलेल्या गाण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "कागदावरची चीज म्हणजे वाळवलेली भाजी" असे ते म्हणत. आणि तरी त्यांच्याजवळ चार वह्या होत्या. दरबारात कोणत्या दिवशी कोण बसले, कोणी काय गायिले, बिदागी काय मिळाली, हे त्यांत त्यांनी शिसपेन्सिलीने टिपले होते. ते गेले त्या पावसाळ्यात मी घर बदलले. वह्या ओल्या भिंतीशेजारच्या कपाटात राहिल्या. दिवाळीत उघडल्या तेव्हा त्यांचा लगदा झाला होता. मी संगीत शिकवणारा माणूस. बंदिशी मला पाठ होत्या, म्हणून त्या वह्यांची मला गरज वाटली नव्हती. गरज बंदिशींची नव्हती. कोण कोणत्या दिवशी गायिले, हेच आता कोणाला सांगता येत नाही.

गंमत अशी, की आमच्या गाण्याला कागदावर आणणारा माणूसही वकीलच होता. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी १८८७ साली कायद्याची पदवी घेतली, थोडी वकिली केली, आणि मग जन्मभर गवयांच्या दारोदार हिंडून चिजा मिळवल्या. आमच्या ग्वाल्हेरचे माधव संगीत महाविद्यालय १९१८ साली त्यांच्याच मार्गदर्शनाने सुरू झाले. जुने उस्ताद त्यांना हसत, काही चिडत. वडीलही फार गोड बोलत नसत. पण वकिलाची ती चिकाटी, अमुक चीज अमुकाकडून मिळाली हे लिहून ठेवण्याची, ती गवयांत नव्हती हे कबूल केले पाहिजे. खापर्ड्यांनी गाणारा टिपला आणि गाणे सोडले. भातखंड्यांनी गाणे टिपले. दोघांच्या मधली जागा माझ्या वडिलांच्या त्या चार वह्यांत होती.

त्या रात्री भजन उशिरापर्यंत चालले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांना म्हटले, आपण पेटी पुन्हा पाहू. मुलालाही बसवले. एकेक पुडके सोडायचे, वरचा कागद पाहायचा, तारीख लावायची, पुन्हा बांधायचे, एवढेच. दहा वाजेपर्यंत मुलालाच त्यात रस वाटू लागला. पणजोबांची सही त्याने प्रथमच पाहिली. एका शेताच्या हद्दीचा नकाशा निघाला. त्यातली विहीर आजही आहे, तो म्हणाला, आणि ती कोणाची यावर भाऊबंदांत अजून बोलणे होते. त्याने तो कागद वेगळा काढून ठेवला. कागदाला किंमत येण्याचे हेही एक कारण. मी काही बोललो नाही.

तळाशी एक पातळ वही होती. बाहेर मोडी, आत मात्र स्वच्छ बाळबोध, कारण ती मंडळींना वाचता यावी म्हणून लिहिलेली होती. भजनी मंडळाचा हिशेब. पखवाजाची शाई, कंदिलाचे तेल, टाळांची दोरी, आणि पुढे आठ-दहा जणांची नावे आणि त्यांची एकेक आण्याची वर्गणी. वकिलाने हिशेबही दाव्यासारखा ठेवला होता. ज्याने वर्गणी दिली नाही त्याच्यापुढे 'बाकी'. शेवटच्या पानावर हनुमान जयंतीच्या भजनांचा क्रम लावलेला. प्रत्येक भजनाचे पहिले दोन शब्द, म्हणणाऱ्याचे नाव, आणि समासात बारीक अक्षरात चाल: भूप, काफी, एका ठिकाणी 'जोगी'. मी ते पान हातात धरून किती वेळ बसलो कोण जाणे. काकांनी चहा दुसऱ्यांदा गरम करून आणला.

मंडळातले वडीलधारे दुपारी जमले. मी वही वाचायची, सूर द्यायचा, आणि ज्याला येईल त्याने म्हणायचे, असे ठरले. पहिली चार भजने सगळ्यांना येत होती. चाली मात्र हल्ली बदलल्या आहेत, भूपाचे भजन आता कुठल्याशा सिनेमाच्या अंगाने जाते. पाचवे एका म्हाताऱ्या बाईंना आले. त्या मंडळातल्या नव्हत, उंबऱ्याशी बसून ऐकत होत्या. त्यांच्या वडिलांकडून त्यांनी ऐकले होते. सहावे दोघांनी मिळून अर्धेमुर्धे जुळवले.

सातव्यापुढे 'जोगी' लिहिले होते. मी पेटीवर सूर धरला, पहिले दोन शब्द वाचले, आणि थांबलो. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. बाईंनी मान हलवली. मी शब्द पुन्हा वाचले. काका म्हणाले, "पुढचं घ्या, मास्तर."